गडावरचे गोटे

(एस. वाय. बी. ए., इतिहास)

आमच्या घराच्या पुढच्या पायरीचा दगड इतर दगडांसारखा नाही. तो काळाभोर, चारी अंगांनी टाकीने घडवलेला आणि पायरीला लागतो त्यापेक्षा बराच जाड आहे. त्याच्या एका कोपऱ्याला वाटीएवढी गोल खळगी आहे. पावसाळ्यात तीत पाणी साठते, कोंबड्या येऊन पितात. उन्हाळ्यात आजी मुद्दाम तांब्याभर पाणी ओतून ठेवते. लहानपणी मी त्या खळगीत चिंचोके घोळवीत बसे. हा दगड 'गडावरचा' एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. गड म्हणजे वसंतगड. कऱ्हाडच्या वायव्येस, तळबीडच्या डोक्यावर तो उभा आहे आणि आमची वाडी त्याच्या पायथ्याशी आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इतिहास हा विषय घेतला तेव्हा वडिलांनी विचारले होते, "आपल्याला गडाचा इतिहास ठाऊक न्हाई का? त्याला फी कशाला भरायची?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. कारण मलाही इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या असेच वाटत होते, आणि तळबीडच्या शेजारच्या पोरांना त्या पाठच असतात. सरनौबत हंबीरराव मोहिते तळबीडचे, महाराणी ताराबाई त्यांची कन्या. हे सांगताना आमच्याकडचा पाचवीतला मुलगाही छाती काढून उभा राहतो.

गड ही नुसती गोष्ट सांगायची जागा नसून वाचायची जागा आहे, हे मला यंदा उमगले. पुरातत्त्वीय स्थळ म्हणजे काय, हे आमच्या सरांनी उकिरड्याचे उदाहरण देऊन सांगितले तेव्हा वर्ग हसला होता. पण उदाहरण चपखल होते. घरामागच्या उकिरड्यात वरच्या थराला या वर्षीची राख, त्याखाली गेल्या वर्षीचे शेण, त्याखाली कधीतरी फुटलेला आजोबांच्या वेळचा रांजण. कोणी सांगितले नाही तरी खापराच्या जागेवरून कळते की रांजण राखेच्या आधी फुटला. पण तेच खापर उचलून रस्त्यावर टाकले, तर ते फक्त खापर उरते. वस्तूइतकीच वस्तूची जागा मोलाची असते. माणसांनी वापरून मागे टाकलेल्या गोष्टी जिथे जशा पडल्या तशाच क्रमाने अजून पडून आहेत, ती जागा म्हणजे पुरातत्त्वीय स्थळ. मॉर्टिमर व्हीलर हे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्यांनी १९४४ साली तक्षशिला येथे भारतीय विद्यार्थ्यांना हेच थर सोलून वाचायला शिकवले. या व्हीलरसाहेबांकडे मला पुढे पुन्हा वळायचे आहे. त्यांच्यामुळे माझी झोप उडाली.

आता आमचा गड वाचू. महाराष्ट्रातला कोणताही गड शिवाजी महाराजांनीच बांधला असे आपण सहज म्हणतो. वसंतगड मात्र परंपरेने कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसऱ्या भोजाचा मानला जातो, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा. महाराजांनी तो १६५९ मध्ये, अफजलखानाच्या वधानंतर घेतला. परंपरा धरून चालले तर स्वराज्यात आला तेव्हाच तो साडेचारशे वर्षांचा झाला होता. पायथ्याचे कऱ्हाड तर त्याहून कितीतरी जुने आहे. मध्य प्रदेशातल्या भरहूत येथील स्तूपाच्या प्राचीन शिलालेखांत कऱ्हाडच्या दानशूरांचा उल्लेख आहे आणि शहराजवळच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. कोकणातून कुंभार्ली घाट चढून आलेला माल कोयनेच्या खोऱ्याने कऱ्हाडला उतरायचा. ज्याच्या हाती ही पेठ, त्याला ती वाट राखायला डोंगरमाथा हवाच होता. गड आधी वाटेसाठी असतो, लढाई नंतर येते.

गडाचा पहिला बांधणारा मात्र माणूस नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरून थिजले आणि त्यातून आपला हा काळा कातळ झाला. पावसापाण्याने मऊ थर झिजले, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले. म्हणून सह्याद्रीतल्या बहुतेक गडांना निम्मा तट आयताच मिळतो. माणसाने फक्त जिथे कडा तुटला आहे तिथे भिंत घातली. पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा तट कुठे आहे यापेक्षा कुठे नाही हे पाहावे. जिथे नाही, तिथे खाली डोकावले की कारण समजते; फक्त जपून डोकावावे.

या लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये कधी कधी तांबड्या मऊ मातीचा थर असतो. वरच्या कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी त्या थरावर अडते आणि कडेने पाझरते. जुन्या पाथरवटांना भूगर्भशास्त्र शिकवायला कोणी गेले नव्हते, पण पाण्याची ही जागा त्यांना अचूक सापडे. इ. स. १७१५ च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' गड बांधण्याविषयी बोलताना सर्वांत आधी पाण्याचीच चौकशी करते. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि झरा असला तरी एकट्या झऱ्यावर विसंबू नये, असा त्यातला सल्ला आहे. आमच्या गडावर दोन तळी आहेत. एकाचे नाव कृष्णा, दुसऱ्याचे कोयना. खालच्या दोन नद्या गडकऱ्यांनी नावानिशी वर नेऊन ठेवल्या असे मला नेहमी वाटते.

कातळात खोदलेले पाण्याचे टाके ही पाण्याची सोय असते आणि दगडाची खाणही. ही गोष्ट मला सर्वांत आवडली. खडकावर ओळीने खाचा पाडायच्या, त्यांत पाचरी ठोकायच्या, चीर पडली की चिरा सुटतो. तोच चिरा तटात जातो आणि सुटलेल्या जागी पाणी साठते. एका कामात दोन कामे. टाक्याच्या काठावर खाचांची अर्धवट राहिलेली ओळ दिसली तर समजावे, पाथरवट आणखी एक चिरा काढणार होते आणि काही कारणाने थांबले. कोणत्या कारणाने, हा प्रश्न मला तासन् तास पुरतो.

भिंतीही बोलतात. काही ठिकाणी चिरे नुसते एकावर एक, दर्ज्याशिवाय बसवलेले असतात. काही ठिकाणी मधे चुना असतो. दोन पद्धती शेजारी शेजारी दिसल्या तर दोन वेगळ्या वेळची कामे असण्याचा संभव धरावा आणि कोणती कोणावर चढली आहे ते पाहावे. उकिरड्याचाच नियम. चुना कसा होई याचा पुरावा वसंतगडावर उघड्यावर पडून आहे, तो म्हणजे चुन्याचा घाणा. चुनखडी भट्टीत भाजायची, विरवायची, वाळू घालून गोल चरात टाकायची आणि बैल जुंपून दगडी चाक फिरवायचे. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असले पदार्थही त्यात घालीत. तसा चुना वर्षानुवर्षे हळूहळू घट्ट होत जातो.

दारांची रचना आणखी गमतीची. गोमुखी दरवाजा म्हणजे पुढे आलेल्या दोन बुरुजांच्या कवेत लपवलेला दरवाजा. वाट अशी वळवलेली असते की शेवटच्या वळणापर्यंत दार दिसतच नाही. समोरून तोफ लावता येत नाही, हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही आणि आत येणाऱ्याच्या डोक्यावर सतत तट राहतो. तटातल्या तिरक्या भोकांना जंग्या म्हणतात, त्या बंदुकीसाठी. जंग्या दिसल्या की तो भाग बंदूक आल्यानंतरचा, किंवा निदान नंतर दुरुस्त केलेला. शिलाहारांच्या काळी बंदूक नव्हती, हे विसरून चालत नाही. म्हणून एकाच गडाला एकच वय नसते. आमच्या घराला तरी कुठे आहे? मागची भिंत पांढऱ्या मातीची, पुढची विटांची आणि न्हाणी गेल्या वर्षीची.

१६९९ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाने वसंतगड घेतला आणि त्याचे नाव ठेवले 'किलीद-इ-फतेह', विजयाची किल्ली. त्या किल्लीने त्याला उघडायचे होते साताऱ्याचे कुलूप. डिसेंबरात साताऱ्याला वेढा पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो साडेचार महिने झुंजवला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले, त्यातल्या एकाने तट बाहेरच्या बाजूला त्यांच्याच फौजेवर कोसळला आणि सुमारे दोन हजार माणसे गाडली गेल्याचे इतिहासकार सांगतात. २१ एप्रिलला गड गेला, त्याला आझमतारा हे नाव मिळाले. ताराबाईंनी परत घेतल्यावर तो अजिंक्यतारा झाला. या हकिकती आपण ऐकलेल्या असतात. पण वेढा म्हणजे जमिनीच्या दृष्टीने काय? गोळे, शिशाचे तुकडे, जळलेले लाकूड, फुटलेली भांडी, ढासळलेले चिरे, वरून लोटलेले धोंडे. हे सगळे ज्या थरात पडले तो थर म्हणजे त्या वर्षाचे, कोणीही खाडाखोड न केलेले पान. आणि या पानाशीच माझी चूक जोडलेली आहे.

बारावीच्या सुट्टीत आमच्या वाडीतल्या पोरापोरींनी गडावर श्रमदान केले. बुजलेले एक लहान टाके मोकळे करायचे ठरले. हेतू चांगला होता. पाणी होईल, गुरे पितील, गड स्वच्छ दिसेल. मुलगे खाली उतरून गाळ उपसत आणि आम्ही मुली ओळीने उभ्या राहून घमेली पुढे सरकवत होतो. गाळात खापरे निघत होती, ती गाळाबरोबरच गेली. मग हातभर खोलीवर गोल, गुळगुळीत गोटे लागले. लिंबाएवढे, काही आवळ्याएवढे, जवळजवळ एकाच मापाचे, पाचपन्नास तरी असावेत. पोरांना खेळ सापडला. कोणाचा गोटा कड्यावरून सर्वांत लांब जातो याची पैज लागली. गोटे निवडून पोरांच्या हातात देण्याचे काम माझे होते. मी एकही मागे ठेवला नाही. खूप हसलो आम्ही त्या दिवशी.

यंदा वर्गात सरांनी व्हीलर यांनी इंग्लंडात १९३४ ते १९३७ या काळात उत्खनन केलेल्या मेडन कॅसल या प्राचीन डोंगरी किल्ल्याची माहिती सांगितली. तटाच्या दाराशी त्यांना एका जागी हजारो गुळगुळीत गोटे मिळाले. डोंगरावर तसे गोटे होत नाहीत, ते समुद्रकिनाऱ्यावरून मुद्दाम आणून साठवले होते. गोफणीसाठी. त्या साठ्यावरून दाराच्या रक्षणाची पद्धत समजली. सर बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचे टाके होते. आमच्या डोंगराचा दगड फुटला की कोनाकोनाचा फुटतो. गुळगुळीत गोटा होतो तो नदीच्या पात्रात. म्हणजे ते गोटे कृष्णेतून नाहीतर कोयनेतून कोणीतरी वर वाहून नेले होते.

ते गोफणीचेच होते असे मी म्हणत नाही. ज्वारी राखणारा आमच्याकडचा प्रत्येक माणूस गोफण जाणतो, त्यामुळे तसे म्हणण्याचा मोह फार होतो. पण ते पाणी गाळण्यासाठी टाकलेले असतील, देवाला वाहिलेले असतील, एखाद्या गुराख्याने खेळायला नेलेले असतील. खापरांच्या वर होते की खाली, टाक्याच्या तळाला होते की मधल्या गाळात, यावरून काही तरी ठरले असते. आता काहीच ठरणार नाही. कड्याखालच्या झुडपांत जाऊन मी दोन रविवार शोधले. तीन गोटे मिळाले. ते ओढ्यातलेही असू शकतात.

माझे आजोळ सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. तिकडे बाणूरगड आहे, जुने नाव भूपाळगड. १६७९ मध्ये दिलेरखानाने तो घेतला तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होता. चाकणचा संग्रामदुर्ग लढवणारा तोच. हाती लागलेल्या सातशे माणसांचा एकेक हात तोडला आणि तट पाडून टाकला असे इतिहासात नमूद आहे. बहिर्जी नाईकांची समाधी म्हणून दाखवतात ती तिथेच. मामाबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा मी हिरमुसले होते, कारण पाहायला 'काही नाही'. दगडांच्या राशी, तटाच्या खुणा, वारा. यंदाच्या दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा त्याच राशींपाशी बराच वेळ बसले. पाडलेल्या तटाची रास पुरावाच असते. दगड आत पडलेत की बाहेर, एका जागी की विखरून, हे पाहून तट कोणी आणि कसा पाडला याचा अंदाज बांधता येईल. ती रास उचलून कोणी तिचा नवा, सुबक तट बांधला, तर १६७९ साल तेवढे पुसले जाईल. मामा म्हणाला, "तुला पडक्या गोष्टींचंच काय कौतुक गं?" मी म्हटले, "पडल्या कशा ते बघतीय मामा."

दुरुस्ती करूच नये असे माझे म्हणणे नाही. ढासळता बुरूज सावरलाच पाहिजे. पण सिमेंटने नव्हे. सिमेंट दगडापेक्षा टणक आणि हवाबंद असते. आत मुरलेले पाणी दर्जांतून बाहेर पडू शकत नाही, मग ते चिऱ्यांमागे साठते, फुगवते आणि काही पावसाळ्यांत भिंतच बाहेर ढकलते. चुना मात्र भिंतीला श्वास घेऊ देतो. शिवाय जुने आणि नवे काम ओळखू येईल असे ठेवावे लागते, नाहीतर पुढचा वाचणारा फसतो. कायद्याचेही भान हवे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या पुरलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. दहा रुपये! आमच्या गोट्यांना दहा पैसेही कोणी दिले नसते, म्हणूनच ते कड्यावरून गेले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. बातमी आली तेव्हा आमच्या वर्गात पेढे वाटले गेले. वसंतगड त्या यादीत नाही, बाणूरगड नाही, सातारकरांच्या डोक्यावरचा अजिंक्यताराही नाही. याचे वाईट वाटून घेणारे मित्र आहेत. मला उलट काळजी वाटते ती यादीबाहेरच्या गडांची, कारण तिथे आम्हीच जातो, घमेली घेऊन, फार प्रेमाने.

आता पायरीचा दगड. त्याचा फोटो मी सरांना दाखवला. त्यांनी खळगी नीट न्याहाळली आणि विचारले, "हिच्या आत गोल रेघा आहेत का? बोट फिरवून पाहा." घरी येऊन पाणी सांडून टाकले आणि बोट फिरवले. आहेत. झिजून गुळगुळीत झालेल्या, एकात एक अशा गोल रेघा. सरांचे म्हणणे असे की मोठ्या दरवाज्याच्या कवाडाचा खालचा खुंट अशा खळगीत बसवीत. कवाड उघडता-मिटता तो तिथे फिरे. म्हणजे एकोणीस वर्षे मी एखाद्या दरवाज्याच्या पायावर चिंचोके खेळत होते. पण कोणत्या दरवाज्याच्या? दगड जागेवर नसल्यामुळे तो सांगू शकत नाही. मी आजीला विचारले.

आजी म्हणाली, "ह्ये घर बांधलं तवा मामंजींनी आनला. मी आले तवा हितंच व्हता. आत्याबाई सांगायच्या, पडक्या दारात डाव्या अंगाला आडवा पडला व्हता, पहारीनं ढकलत ढकलत खाली आनला, दोन दीस लागलं."

मी म्हटले, "आजी, गडाचा दगड असा आणू नये."

"आगं, गडावर कोन ऱ्हायलं व्हतं? आमी न्हाय आनला तर दुसऱ्यानं न्हेला आसता. आन् पायरीला दगड नको का?"

तिचे खोटे नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि दरवाजे मुद्दाम मोडले. त्यानंतर शंभर-दीडशे वर्षे पायथ्याच्या गावांना ती चिऱ्यांची वखारच झाली. पण तिच्या बोलण्यातले 'डाव्या अंगाला' हे दोन शब्द मी लगेच वहीत लिहून घेतले. कारण दगड हलला तरी त्याची जागा तिच्याजवळ राहिली होती, आणि तीही ऐकीव. ती गेली की गेलीच असती. आता मी वाडीतल्या इतर म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारते, तुमच्या गोठ्यात, ओट्यावर, विहिरीच्या काठी गडावरचा चिरा आहे का, आणि तो कुठून आणला. आतापर्यंत अकरा घरे झाली. काहींना वाटते दगड परत मागायला आले, ते बोलत नाहीत. एका आजोबांनी मात्र तीन चिऱ्यांची जागा हातवारे करून इतकी नेमकी सांगितली की दुसऱ्या दिवशी मी गडावर जाऊन त्या रिकाम्या जागा बघून आले.

गेल्या रविवारी मी टेप घेऊन आमच्या पायरीचा दगड मोजत बसले होते. लांबी, रुंदी, जाडी, खळगीचा व्यास, खोली. आजी तांब्या घेऊन मागे उभी होती. बराच वेळ तिने वाट पाहिली आणि म्हणाली, "मोजून झालं आसंल तर सरक. कोंबड्या ताटकळल्यात."